न आलेला मुऱ्हाळी

अडतीस वर्षांत ज्या माणसाने मला शेगावलासुद्धा स्वतःहून नेलं नाही, तो कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "बेटावर जाऊन येऊ काय? लय वर्षं झाले."

मी हातातली बशी खाली ठेवली. आमचे हे, रंगराव, उगाच काही करणाऱ्यातले नाहीत. भाजीला कोथिंबीर जास्त आणली तरी त्यामागे काहीतरी असतं.

"आज काऊन आठवलं बेट?" मी विचारलं.

"असंच."

असंच. शुक्रवारी चिखलीच्या कचेरीत माझी सही व्हायची होती, आणि बुधवारी यांना बेट आठवलं, असंच.

सहीचं सांगते. माझे बाबा चैत्रात वारले. माहेरच्या, उंद्रीच्या वावराला आता माझंही नाव लागलं, आणि माझा धाकटा भाऊ गजेंद्र याला माझं हक्कसोडपत्र हवं होतं. बहिणी देतात, तशी रीतच आहे. मी देणार नव्हते. विहिरीकडचा सव्वा एकर मी मागून घेणार होते आणि पडीक ठेवणार होते, यांना तसं सांगूनही टाकलं होतं. त्यात तरोटा माजला असता आणि गजेंद्रला तो रोज दिसला असता. मला वावराची गरज नाही, पण मला ते हवं होतं.

कारण जुनं आहे. लेकीच्या पहिल्या दिवाळीला माहेराहून कुणीतरी न्यायला येतं, बाप नाहीतर भाऊ. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझ्यासाठी मुऱ्हाळी आला नाही. त्यानंतर मी उंद्रीत एक रात्र काढली नाही. लग्नाला गेले, मयताला गेले, उजेडी परत आले. बाबांच्या मयतालाही माझ्या डोळ्याला पाणी नव्हतं, आणि बायकांनी ते पाहून घेतलं.

तर दोन दिवसांपासून हे गच्चीवर जाऊन फोन करत होते. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी जिन्यात थांबले. "तू तिले काही बोलू नको बापू, मी पाहतो." बापू म्हणजे गजेंद्र. म्हणजे दोघांचं ठरलं होतं. मला गोड बोलून बेटावर न्यायचं, जुन्या आठवणी काढायच्या आणि मन पातळ झालं की कागद पुढे करायचा.

मी म्हटलं, जाऊ. बघू तरी कुठवर जातात.

"भाकरी दोन जास्तच घे," हे म्हणाले.

"कोणासाठी?"

"नावेवाल्यासाठी."

हे आंघोळीला गेल्यावर मी पिशवी तपासली. पाण्याची बाटली, बीपीच्या गोळ्या, टॉवेल. कागद नाही, शाईचं पॅड नाही. त्याने माझा संशय कमी व्हायचा तर वाढलाच. म्हणजे कागद घेऊन गजेंद्र आधीच तिथे जाऊन बसलेला असणार. जास्तीच्या भाकरी त्याच्याच.

धरणावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. धरण झालं तेव्हा यांच्या गावाचं सगळं शिवार बुडालं, फक्त टेकडीवरचं सात एकर पाण्याच्या वर राहिलं. सासू-सासरे नव्या गावठाणात गेले आणि नवं जोडपं म्हणून आम्हाला त्या टेकडीवर पाठवलं, वावर राखायला. चारी बाजूंनी पाणी, एक झोपडी, काठावर जायला एक डोंगा आणि मी अठरा वर्षांची. तीन वर्षांनी यांना प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर बुलढाण्यात कारकुनी मिळाली आणि आम्ही सुटलो. माझी बेटाची आठवण एवढीच आहे, सुटलो ही.

नावेवाला तुळशीराम पन्नाशीचा, मासेमारी करणारा. त्याने आम्हाला नारिंगी जाकिटं घालायला लावली. हे त्यात बसवलेल्या गणपतीसारखे दिसत होते, पण मी हसले नाही. मी काठ बघत होते. दुसरी नाव कुठे लागली आहे का ते बघत होते.

"आज कोणी गेलं काय बेटावर?" मी तुळशीरामला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोण जाते तथी मावशी. दोन माकडं हायेत, ते पोहत गेले का कसे गेले देव जाणे."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

खरं सांगायचं तर एक गोष्ट मला या माणसाच्या बाजूने नेहमी मांडता आली. त्या पहिल्या वर्षी एकदा मी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला भुईमूग उपटत होते. दुपारी हे स्वतः भाकर घेऊन आले. म्हणाले, घरी येऊ नको, ऊन आहे, इथंच जेव. आणि माझं जेवण होईस्तोवर समोर बसून राहिले. त्या काळात नवरा बायकोला भाकर नेऊन देतो म्हणजे केवढी गोष्ट. सून डिंपल मला कधी चिडवते की बाबांनी तुमच्यासाठी काय केलं, तेव्हा मी तिला हीच सांगते. दुसरी नाहीच माझ्याजवळ.

बेटावर गजेंद्र नव्हता. मी सीताफळाच्या झुडपांमागे पाहिलं, झोपडीच्या उरलेल्या जोत्याला फेरी मारून आले. माकडं होती.

"काय शोधून राह्यली?" यांनी विचारलं.

"तुमच्या मेव्हण्याले."

हे जोत्यावर बसले. जाकीटही काढलं नाही. "तो नाही येत. त्याले काही माहीत नाही. शुक्रवारी तू सही कर नाहीतर नको करू, तुझं तू पाहाय. पण तुझा राग त्या पोरावर काढू नको. त्याचा दोष नाही अन् तुझ्या बाबाचाबी नाही."

"मंग कोणाचा?"

"तुझे बाबा आलते न्यायले. दिवाळीच्या चार दिवस आधी. थ्या काठावर."

मला हसू आलं. खरंच आलं. माणूस मेल्यावर तो आला होता म्हणायला काय जातं, तो काय साक्षीला येणार आहे? मी म्हटलं, "गजेंद्रनं बरं शिकवलं. सही झाली की हे बी सांगा का देवीनं दर्शन दिलं होतं."

"डोक्यावर गाठोडं होतं. पांढरं धोतर. सकाळी आले अन् हाका मारत राह्यले."

"सगळेच धोतर घालत तवा."

"हाक मारत होते तुले. मी लगनात तुझं नाव कोकिळा ऐकलं होतं, म्हणून आधी समजलंच नाही कोणाले बलावतात."

"काय म्हणत?"

हे उठून उभे राहिले. मग तोंड पाण्याकडे करून त्यांनी हाक मारली. आधी 'कोकू' आखूड, मग दुसऱ्यांदा तेच नाव वर चढवत नेलं आणि शेवटी एकदम खाली सोडलं.

मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबा मला वावरातून घरी अशी हाक मारत. मी मोठी झाल्यावर घरात ते नाव कुणी घेतलं नाही. नाव गजेंद्र सांगू शकला असता. तो हेल त्याला माहीत नव्हता, तो तेव्हा पाळण्यात होता. मी खाली मातीतच बसले.

"तुम्ही डोंगा काऊन नेला नाही?"

"तू रोज रडे. रोज. शेजारच्या गावची एक पोरगी दिवाळीले माहेरी गेली ते आलीच नाही. मले वाटलं, तूबी येणार नाही. डोंगा ओढून झुडपात टाकला. वाटलं, थकतील अन् जातील."

"अन् मी कोठी होती?"

विचारता विचारताच मला कळलं. टेकडीच्या पलीकडे, भुईमुगात. जिथे हाक पोचत नाही. आणि दुपारी मी घरी यायला निघू नये म्हणून भाकर घेऊन आलेला नवरा समोर बसून होता. डिंपलला मी हे किती वेळा सांगितलं असेल. सांगताना मला लाज वाटायची, ती चांगली लाज असते ना, तशी.

"गेले मंग तसेच?" मी विचारलं.

"नाही गेले. दुपार झाली तरी बसूनच होते. मंग मी खाली काठाशी गेलो अन् वरडलो." यांनी जाकिटाचा पट्टा चाचपला. "म्हटलं, ती येत नाही म्हणते."

गजेंद्रच्या लग्नात बाबा माझ्याजवळ येऊन म्हणाले होते, "जशी तुझी मर्जी, बाई." मी समजले, मी लगेच परत निघाले म्हणून टोमणा मारला. मी तोंड फिरवलं. तेही फिरले. आम्ही बाप-लेक अशी सदतीस-अडतीस वर्षं एकमेकांच्या अंगणात उभ्याउभ्या येऊन गेलो. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याने आपल्याला टाकलं.

"आजपर्यंत काऊन नाही सांगितलं?"

"ते होते तोवर भेव वाटे. गेले तर तू शुक्रवारचं काढलं. थ्या पोराचं वावर माझ्यापायी पडीक राह्यलं तर..." हे रडत होते. मी त्यांना रडताना आधी दोनदाच पाहिलं होतं, ही तिसरी वेळ. मला दया आली नाही. रस्ताभर मी एवढासा कागद शोधत आले होते, माझ्या संशयाचीच मला कीव आली. मला संशयसुद्धा नीट घेता आला नव्हता.

मी उठले. पिशवी त्यांच्याजवळ ठेवली, बाटली आणि गोळ्या आत आहेत हे बघितलं. भाकरी त्यातच होत्या. मग उतरून नावेत बसले आणि तुळशीरामला म्हटलं, "चला."

"काका?"

"ते हायेत तथी."

तुळशीरामने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वल्हं उचललं. संसारी माणूस असावा.

काठावर उतरून मी गजेंद्रला फोन लावला. तो दचकून "ताई?" म्हणाला. मी त्याला कधी फोन करत नाही.

"तू धरणावर ये. मले न्यायले ये."

"काय झालं? दाजी कोठी हायेत?"

"काही झालं नाही. मुऱ्हाळी म्हणून ये. दिवाळी होईस्तोवर मी उंद्रीले राह्यतो. शुक्रवारी चिखलीले तथूनच संगं जाऊ, सही करतो मी."

तो म्हणाला, "गाडी काढतो. तासाभरात येतो. तू हलू नको तथून."

मी काठावरच्या दगडावर बसले. ऊन चढलं होतं. बाबा कुठे बसले असतील याचा अंदाज करत होते, तेवढ्यात समोरून आवाज आला. हे पाण्याशी येऊन उभे होते, नारिंगी जाकिटात, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारत होते. "कोकिळा, अवं कोकिळा, नाव पाठव." शब्द न् शब्द कळत होता. नंतर ते नुसतंच माझं नाव घेत राहिले.

तुळशीराम माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मावशी, काका आवाज देऊन राह्यले."

"ऐकू येते मले," मी म्हटलं. "माहा भाऊ येऊ द्या. मंग जा."