केसरबाईच्या डब्यांचा बेत

"मंगळवारी डबं बंद? का गं?" दौलतरावानं अडकित्ता खाली ठेवला.

"मंगळवारी माझा उपास असतो, तात्या."

"उपास तुझा. कामगारांनी काय पाप केलंय? पिंपरीच्या कंपन्यांना सुट्टी बेस्तरवारी. तू मंगळवारी चूल इझवनार, आन् बेस्तरवारी पन्नास भाकरी थापून कुनाच्या गळ्यात घालनार? माझ्या?"

केसरबाई ओट्याच्या कडेला टेकली. तिसरी खेप होती ही. दोन वर्षं तिनं कंपनीच्या शेडच्या पायाची माती वाहिली होती. शेडवर पत्रे चढले अन् मुकादमानं बायकांना घरी धाडलं. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. पाडव्यापर्यंत काही जमलं नाही, तर दोन्ही पोरी घेऊन मुळशीला भावाच्या दारात पडायचं होतं. भावजयीनं कोपरा झाडून ठेवला होता म्हणे. कोपरा, खोली नव्हे.

दौलतरावाचं रान कंपनीत गेलं अन् हाती पैका आला, तेव्हापासून पिंपळे गुरवात जो तो धंद्याचा बेत घेऊन भांडवल मागायला त्याच्या ओट्यावर यायचा. तो नाही म्हणत नसे, होही म्हणत नसे. नुसता विचारत बसे. माणसं कंटाळून जात. केसरबाई तेवढी परत येई.

पहिल्या खेपेला तिला घरातच खानावळ मांडायची होती. "अर्ध्या तासाच्या सुट्टीत नदी वलांडून तुझ्या चुलीपाशी कोन येतंय?" असं त्यानं विचारलं. तिनं हातगाडीवरून डबे न्यायचं ठरवलं. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "दिवसभर भट्टीपुढं उभी ऱ्हानारी मानसं. तुझं जाळ कालवन खाऊन शिफ्ट काढतील?" ती गेटावर जाऊन विचारून आली, मिरची निम्मी केली, डब्यासंगं ताक धरलं.

"मग उपास बेस्तरवारी धरते," ती म्हणाली. "देवीला सांगीन समजावून."

दौलतराव मिशीत हसला. "देवी ऐकंल. पर पगार सात तारखंला. तवर मानसं उधारीवर खानार, आन् मधीच संप झाला म्हंजे? आठवड्याचं आगाऊ देत असतील, तर ये."

केसरबाई उठली तेव्हा गुडघे कटकन वाजले.

चार दिवसांनी ती आली. पायांवर पिंपरीची धूळ, आवाज बसलेला. सव्वीस जणांनी आगाऊ दिलं होतं. डबेही ज्याचे त्यानं आणायचे ठरले होते.

"आता कसं! आता बेत झाला!" दौलतराव सरसावून बसला. "बोल, किती देऊ? निम्मी भागी माझी."

"काय नगं, तात्या."

"म्हंजे?"

"पीठ, भांडी, गाडीचं भाडं, समदं त्या आगाऊत बसलं. तुमाला सांगून जावं म्हून आले. तुमी इचारलं नसतं, तर ह्ये सुचलं नसतं."

दौलतरावाची सुपारी तोंडातच राहिली. विचारून विचारून आपण स्वतःलाच धंद्यातून बाहेर काढलं, हे त्याला आत्ता उमगलं. पण खोड कुठं जाते? ती पायरी उतरत होती, तेवढ्यात त्यानं हाक मारली.

"केसर, आन् तूच आजारी पडलीस तर?"

ती थांबली.

"आजारी पडाया, तात्या?" ती म्हणाली. "अजून तशी सवड झाली न्हाई."

अन् पिठाची गिरणी बंद व्हायच्या आत गाठायची म्हणून ती लंगडत, भराभर निघाली.