घरी न चालणारा हात

वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक, म्हणजे आपले साहेब, यांनी जन्मभर दुकानदारांची दांडी पकडली. त्यांची सावली पडली तरी बाजारातली वजनं खरं बोलू लागत, अशी त्यांची ख्याती होती. निदान ते स्वतः तसं सांगत. अशा माणसाने म्हातारपणी एका अख्ख्या संशोधनाच्या डोळ्यांत धूळ फेकावी, याला काय म्हणावं?

झालं असं, की पक्षाघाताचा झटका आला आणि साहेबांचा उजवा हात लुळा पडला. जीभ तेवढी शाबूत राहिली. झटक्याने उलटी निवड केली असती तर बरं झालं असतं, असं शेजाऱ्यांचं मत पडलं.

रुग्णालयात फिजिओथेरपीचं संशोधन चाललं होतं, त्यात साहेबांना घेतलं. पद्धत साधी. चांगल्या हाताला जाड हातमोजा बांधून ठेवायचा, म्हणजे लुळा हात झक मारत कामाला लागतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, त्यातलाच प्रकार. हातमोजा घरीही घालायचा, असा सक्त नियम होता. नियम करताना विभागप्रमुखांनी मेंदूचा विचार केला होता, नसांचा केला होता, स्नायूंचा केला होता. रुग्णाच्या बायकोचा तेवढा राहून गेला.

पहिल्या दिवशी साहेब डावा हात बांधून ताटापुढे बसले. उजव्या हाताने उचललेला घास तोंडाऐवजी शर्टावर गेला. दुसराही गेला. बायको थोडा वेळ बघत राहिली, मग खुर्ची ओढून शेजारी बसली.

"द्या तो चमचा इकडे. असं जेवलात तर संध्याकाळ होईल."

आणि ती भरवू लागली. भरवता भरवता बोलू लागली. इतक्या वर्षांच्या संसारात साहेब तोंडासमोर पेपर धरून जेवले होते. ती वाढायची आणि आत जायची. आता पेपर धरायला हातच नव्हता. साहेबांना नव्यानेच कळलं, की आपली बायको लग्नाआधी पोहण्याच्या शर्यती जिंकायची, आणि वडिलांचा डोळा चुकवून सरावाला जायची. समोरच्या वकिलाला ती मनातल्या मनात 'बेडूक' म्हणते, हेही कळलं. साहेबांना हसता हसता ठसका लागला, तिने पाठ चोळली. जेवण एवढ्यात संपू नये, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिकडे रुग्णालयात हात सुधारत होता. तिथे नातेवाइकांना आत मज्जाव. बायको बाहेर बाकावर, आणि आत साहेब लाकडी ठोकळे या खोक्यातून त्या खोक्यात टाकतायत, बाटलीचं झाकण फिरवतायत, आणि कॅमेरा सगळं टिपतोय. एके सकाळी शर्टाचं बटण काजात गेलं. विभागप्रमुखांच्या हाताखालच्या संशोधक मुलीने टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाठोपाठ एक गोष्ट ध्यानात आली. हे घरी कळलं तर ताटाशेजारची ती खुर्ची उचलली जाणार.

त्या दुपारी साहेबांनी चमचा मुद्दाम पाडला.

"राहू द्या हो, मी आहे ना," बायको म्हणाली.

चिमूटभर कमी वजनासाठी लोकांना कोर्टात खेचणाऱ्या साहेबांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं.

आता पंचाईत संशोधनाची झाली. हात घरी किती चालतो, हे बायकोला विचारायची रीत होती. "कसला चालतोय?" ती म्हणायची, "तो हात म्हणजे घरातला जावई. नुसता बसून असतो." रुग्णालयातला आलेख आभाळाला भिडलेला आणि घरचा जमिनीवर लोळत पडलेला! दुसरा कोणी चक्रावला असता, विभागप्रमुख हरखले. मेंदू भिंती ओळखतो, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्याला न उच्चारता येणारं एक नाव दिलं. रुग्णांच्या घरांना रुग्णालयासारखा फिका हिरवा रंग लावून पाहायचा, अशी पुढची योजनाही आखली.

"सर, एकदा त्यांच्या घरी जाऊन बघू या का?" मुलीने विचारलं.

"घरी?" विभागप्रमुख म्हणाले. "घरी जाऊन कुठे विज्ञान होतं का?"

शेवटच्या दिवशी मात्र त्यांना मिरवायची हौस आली आणि त्यांनी नातेवाइकांनाच आत बोलावलं. पडद्यावर साहेब झळकले. त्यांनी बटणं लावली. बाटली उघडली. संत्रं सोललं, फोड न् फोड चवीने खाल्ली, रुमालाने तोंड पुसलं आणि रुमालाची घडी करून खिशात ठेवली. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोने टाळी वाजवली नाही.

"आणि हाच हात घरी चालत नाही!" विभागप्रमुख हात नाचवत म्हणाले. "हेच तर मोठं कोडं आहे."

बायकोने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी ठोकळ्यांकडे पाहिलं.

"कोडं कसलं डोंबलाचं!" ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

संशोधक मुलीने हसू लपवायला मान खाली घातली. कुटुंब भारावून गेलं आहे, असं विभागप्रमुखांनी जाहीर केलं.

रस्ताभर ती साहेबांच्या चार पावलं पुढे चालली. घरी आल्यावर तिने ताट वाढलं, चमचा उजव्या बाजूला ठेवला आणि ती आत निघून गेली.

साहेब जेवू लागले. चमचा सरळ तोंडात जात होता, एक कण सांडत नव्हता. आत भांडी जरा जास्तच वाजत होती. साहेबांना म्हणायचं होतं, 'ये, बस इथे, बोल काहीतरी.' किती साधं! बाजार गाजवलेली त्यांची जीभ अगदी धडधाकट होती, पण तिने हे वाक्य जन्मात कधी उचललं नव्हतं. तिला कोणी सरावही दिला नव्हता. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. घास गार झाला. शेवटी सगळा जोर लावून त्यांनी हाक मारली.

"अगं, भाजीत मीठ कमी आहे."

मीठ अगदी बरोबर होतं.

"समोर ठेवलंय," आतून उत्तर आलं. "घ्या आपल्या हाताने."