पळणाऱ्याचे गुण

चष्मेवाल्याला यातून दमडीही मिळणार नव्हती, आणि हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. पण फुकट वाटणाऱ्यालाही काहीतरी हवंच असतं. त्याला नाव हवं होतं. "हे अक्षर दिसतंय? आणि आता?" यापलीकडे त्याचं बोलणं आजवर कोणी मन लावून ऐकलं नव्हतं, आणि वय झालं होतं बावन्न.

लहानपणी तो, त्याची ताई आणि गल्लीतली चार पोरं टेबलाभोवती बसून एक खेळ खेळत. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून जगतात नाहीतर मरतात. नियमांचं पुस्तक काढणारी कंपनी कधीच बुडाली होती. चष्मेवाल्याने ठरवलं, तेच नियम नव्याने लिहून मुक्त परवान्याखाली सोडायचे. कोणीही छापा, बदला, विका; अट एकच, लिहिणाऱ्याचं नाव द्या. ही अट त्याला फार आवडायची.

खेळ कसा चालतो यावर मालकी नसते, पुस्तकातल्या शब्दांवर असते, असं एका वकील गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं. म्हणून त्याने रीत बसवली. ताईची जुनी प्रत बायकोच्या हाती. तिने वाचून आपल्या भाषेत सांगायचं, त्याने पुस्तकाकडे न बघता लिहायचं. त्यासाठी तो खुर्ची भिंतीकडे फिरवून बसे.

"अहो, तोंड तरी दाखवा," बायको म्हणायची. "शिक्षा झालेल्या पोरासारखे काय बसता!"

"बघितलं की शब्द चिकटतात."

"चिकटू देत की दोन-चार. कोण मोजायला येतंय?"

पण तो वळला नाही. एवढा प्रामाणिकपणा त्याने आयकर भरतानाही दाखवला नव्हता.

नियम बाहेर पडले आणि महिन्याभरात एका शाळामास्तरांचं पत्र आलं. त्यांच्याकडेही जुनी प्रत होती. 'सगळं हुबेहूब उतरलंय. पण सातवं प्रकरण, "पळणाऱ्याचे गुण", माझ्या पुस्तकात नाहीच. हे तुमचं का? संपूर्ण खेळात याच्या तोडीचं काही नाही.'

नियम साधा होता. लढाईतून पळालेल्या पात्राला भीतीचा एक गुण मिळतो, आणि तो गुण पुढे दुसऱ्या कोणाला वाचवण्यासाठीच खर्च करता येतो.

चष्मेवाल्याने पहिल्यांदाच ती प्रत स्वतः उघडून भिंगाखाली धरली. सगळं पुस्तकच टाईप केलेल्या पानांवरून छापलेलं, त्यामुळे बायकोला फरक कळायचं कारण नव्हतं. पण सातव्या प्रकरणाचा कागद थोडा पातळ होता. कडा मापाने कातरून ती पानं शिवणीत बेमालूम चिकटवली होती. त्या काळी ताई टायपिंगच्या क्लासला जायची. ते प्रकरण तिनेच लिहिलं होतं, याला आणखी पुरावा लागत नव्हता.

त्याने मास्तरांना उत्तर लिहिलं, 'हो, ते माझंच.'

मग ते प्रकरण पसरलं. वर्षभरात सत्तावीस नव्या खेळांनी ते उचललं आणि प्रत्येकाने अट पाळून पहिल्या पानावर त्याचं नाव घातलं.

ताई नंबर तपासायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत छापील प्रत होती. त्याने तिच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवली, एका डोळ्यावर काळी चकती लावली.

"वाच ताई."

"बाळ्या, सातवं प्रकरण बरं उतरलंय रे."

त्याने चुकीची काच घातली, काढली, परत तीच घातली. "दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव घालतो."

"घाल की. पण लोक विचारतील, हा नियम सुचला कसा. काय सांगू? खेळात राक्षस आला की माझा भाऊ टेबलाखाली शिरायचा, चड्डी ओली करायचा, आणि पोरं हसायची, म्हणून?"

"सांगा की ताई," काउंटरवरून बायको म्हणाली. "पन्नाशी उलटल्यावर कोण हसतंय? मी तर रोज हसते."

तो हसला नाही. पत्रात काय लिहून बसलोय, हे दोघींनाही माहीत नव्हतं. आणि नाव घालायचं म्हणजे आधी ते सांगायचं.

"तुला नको असेल तर राहू दे," ताई म्हणाली. उघड्या डोळ्याने ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, ताईचं नाव आलं. 'टंकलेखनाबद्दल आभार.'

बायकोने ती ओळ दोनदा वाचली. "टंकलेखन?" एवढंच म्हणाली आणि जुनी प्रत त्याच्या टेबलावर ठेवली. "पुढचं तुमचं तुम्हीच वाचा."

ताईचा फोन आला. "आलं हो माझं नाव. घरात सगळ्यांना दाखवलं." ती कुजकं बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती खरंच खूश झाल्यासारखी बोलत होती.

परवाना दिला की मागे घेता येत नाही. खेळणाऱ्यांना नियम फुकट मिळाले, मास्तरांना त्यांचं उत्तर मिळालं. चष्मेवाल्याला सत्तावीस पहिल्या पानांवर नाव मिळालं, आणि नवा खेळ हाती आला की तो थेट तिसऱ्या पानापासून वाचतो. किंमत भरली ती ताईने, एकदा तो लहान होता तेव्हा त्याला वाचवणारा नियम लिहून, आणि आता दुसऱ्यांदा आपलं नाव सोडून.