वरचा एक मणी

चूक माझी, हे मी आधीच सांगते. पण माफी मागायला लावाल तर नाय मागणार.

मी गोजरा. तीस वर्षं मोरा जेट्टीवर सुके बोंबील विकले. आता गुडघे बोलायला लागले म्हणून सीवूड्सला भावाकडं, देवजीकडं राहते. शेकडा मोजला की वर एक बोंबील टाकायचा, ही माझ्या धंद्याची रीत. नुसतं मोजून मी कधी गिऱ्हाईक धाडलं नाय. आणि एकदा टाकलेला वरचा परत उचलायचा नाय, तो अपशकुन.

देवजीची मुलगी उन्नती बारावी सायन्सला. परीक्षा झाली की माझ्या इस्टेट एजन्सीत बस, असं देवजीचं टुमणं. पोरीला जीवशास्त्र शिकायचं. शेवटी ठरलं, कॉलेजच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला तर बघू. देवजीचं 'बघू' म्हणजे नाय, हे अख्ख्या घराला ठाऊक. तरी पोरगी तेवढ्यावर महिनाभर राबली.

तिनं केली मण्यांची माळ. लाल, पांढरे, हिरवे, पिवळे, चारच रंग. म्हणाली, आत्या, आपल्या अंगातल्या डीएनएच्या मजकुराला अशी चारच अक्षरं असतात. तीन अक्षरं मिळून एक शब्द, एका शब्दाला एक अमिनो आम्ल, आणि आम्लं एकामागे एक जोडत गेलं की प्रथिन. शब्द होतात चौसष्ट, आम्लं वीसच, म्हणून काही आम्लांना चार-चार, सहा-सहा शब्द. मी म्हटलं, आमच्याकडं एकाच माणसाला रेशन कार्डावर एक नाव, घरात दुसरं, जेट्टीवर तिसरं, तसंच की हे. ती हसली. तीन शब्द मात्र कुठल्याच आम्लाचे नाय. ते आले की काम थांबलं. माळ होती इन्सुलिनच्या सुरुवातीच्या तुकड्याची. मी रोज पोटात टोचून घेते ना, तेच ते. माझ्यासाठी निवडलं होतं तिनं, आणि मी काय दिवे लावले ते ऐका.

प्रदर्शनाच्या सकाळी ती आंघोळीला गेली तशी मी माळ मोजली. बहात्तर. नुसते बहात्तर, वर काहीच नाय! पहिल्या तीन मण्यांनंतर गाठ होती. ती सोडली, एक लाल मणी ओवला, परत गाठ मारली. पोरीला यश दे रे बाबा म्हटलं आणि चहा ठेवला.

कॉलेजात टेबलावर माळ मांडून तिनं शब्दांच्या तक्त्याशी ताडून बघितली आणि तिचा चेहराच उतरला. पहिला शब्द बरोबर, पुढचे सगळे भलतेच. एक मणी घुसला आणि पुढचा प्रत्येक मणी एक घर सरकला. वर माळ संपायच्या आधीच 'थांबा' आलं. मी सोबतच होते, तिथंच कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण नुसते डोळे भरून आले तिचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षक बाई दोन टेबलं पलीकडं होत्या. उन्नती घाईघाईनं मणी काढायला लागली. मी तिचा हात धरला.

"वरचा काढायचा नाय," मी म्हटलं. "तीन-तीनचा हिशोब हाय ना? मग अजून दोन टाक."

तिनं तक्त्यावरून बोट फिरवलं. मग डबीतून दोन लाल मणी काढून तिथंच शेजारी ओवले. तीन लाल म्हणजे ग्लायसिन, एक आम्ल जास्तीचं. त्याच्यापुढं सगळे शब्द आपापल्या जागी.

बाईंनी विचारलंच, हे जास्तीचं कशाला? उन्नतीनं त्यांच्यासमोर दोन मणी काढले, सगळं बिघडलं. परत घातले, सगळं सावरलं. बाईंनी तिच्याकडून तेच पुन्हा करून घेतलं. मी बाजूला मान डोलवत उभी, जसा काय माझाच बेत होता.

पहिला नंबर आला. संध्याकाळी देवजीनं ट्रॉफी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, घसा खाकरला आणि म्हणाला, बरं, एक वर्ष शिकू दे, पुढचं पुढं बघू.

"एकानं सगळं बिघडतं, देवजी," मी म्हटलं. "डिग्री तीन वर्षांची हाय. तीन टाक."