देवधान

तलावातलं देवधान कोणी पेरत नसे. आपलं उगवायचं, आपलं झडायचं. नांगर नाही, बैल नाही, म्हणून ऋषिपंचमीच्या उपासाला गावच्या बायांना तोच भात चालायचा. तो पुरवायची तुळसाबाई ढिवरीण. कार्तिकात डोंगा वल्हवत लोंब्या सुपात झटकायची आणि पुढच्या पंचमीसाठी मडक्यात जपायची.

सावनेरकडच्या त्या गावाजवळ कोळशाची खाण निघाली. खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यानं तलावात आलं तेव्हा गावानं नारळ फोडला. भर उन्हाळ्यात तलाव तुडुंब! पण दोन वर्षांत काठावर पांढरी खार धरली. मरळ मासा दिसेनासा झाला, शिंगाड्याची पानं कडेनं करपली. पुढं देवधानाची काडीसुद्धा वर आली नाही.

मडक्यातलं तेवढं उरलं. मृग लागला तशी तुळसाबाई ते मडकं कडेवर घेऊन टेकडीखालच्या बोडीवर, लहानशा तळ्यावर, गेली. खाणीचं पाणी तिथं पोचत नव्हतं. तिनं ओंजळभर पाणी चाखलं, गिळलं आणि मडक्यातून मूठ भरली.

सून कौसल्या मागोमाग धावत आली. "मामीजी, पेरून राहिल्या काय? मंग ते देवाचं कसं राहीन?"

"त्याचं पेरलेलं माणसानं खारवलं वं. एक डाव मी पेरतो."

पंचमीला पाटलीण अंजनाबाई दारात उभी राहिली. "देवाचा घास चिखलात घातला वं तुळसे!"

"घातला," म्हणाली तुळसाबाई. तिनं त्या दिवशी नुसती भाजी खाल्ली.

कार्तिकात बोडी लोंब्यांनी वाकली. कौसल्यानं सूप उचललं. सासूनं ते काढून घेतलं.

"झडू दे."

"सारं?"

"सारं."

दुसरी पंचमीही रिकामी गेली. बायांनी तोंडसुख घेतलं. कौसल्याला रडू यायचं. सासू जाळं विणत बसायची. मात्र त्या पावसात कोणी हात न लावता बोडी पुन्हा हिरवी झाली. लोंब्यांतून पाणकोंबडी पिलं घेऊन हिंडू लागली. कार्तिकात सासूनंच सूप कौसल्याच्या हाती दिलं.

तिसऱ्या पंचमीला अंजनाबाई भांडं घेऊन आली, पण पुढं करेना.

"पेरलेलं तं नाही?"

तुळसाबाई बोलायच्या आत कौसल्या म्हणाली, "झडलेलं उगवलं, बाई. देवधान आहे."

अंजनाबाईनं भांडं पुढं केलं. तुळसाबाईनं ते शिगोशीग भरलं आणि वर आणखी एक मूठ टाकली.