इकडे देख

चारुलतानं नानांच्या हातातला स्टीलचा डबा हळूच काढून घेतला. त्याचं झाकण उघडताना ठण्ण वाजायचं, आणि समोरच्या सागाच्या ढोलीत रानपिंगळ्याची मादी बसलेली. नाना वरमले. भाकरी काही पळून जात नव्हती, पण बाहत्तराव्या वर्षी भूक कुठं कुणाचं ऐकते!

तोरणमाळच्या उतारावर पानगळ झालेल्या रानात बाप-लेक तीन दिवस अशी बसत होती, उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत. आजचा दिवस शेवटचा. झाड दाखवणारा इंद्रसिंग खाली जीपपाशी थांबला होता. पाखराला तिसरं माणूस म्हणजे गर्दी वाटते, असं त्याचं म्हणणं.

चारुलतानं केनियात चित्ते टिपले होते, उत्तर ध्रुवाकडची पांढरी अस्वलं टिपली होती, ब्राझीलच्या दलदलीत जॅग्वारसाठी महिनाभर डास सोसले होते. त्या सगळ्यांचं पुस्तक छापायला निघालं होतं. शेवटचं प्रकरण होतं 'घर', आणि त्यात एकच फोटो हवा होता, या रानपिंगळ्याचा, दिवसाउजेडी शिकार करणाऱ्या छोट्या घुबडाचा. शंभरावर वर्षं हा पक्षी कुणाला दिसला नव्हता आणि सापडला तो शहाद्याजवळच्या रानात, तिच्या म्हसावदपासून हाकेच्या अंतरावर. आज संध्याकाळपर्यंत फोटो गेला नाही, तर प्रकरणच गळणार होतं. जगभर हिंडून आलेल्या बाईला घरचंच पाखरू मिळू नये, याची तिला लाज वाटत होती.

"मीबी फोटोग्राफरच शे ना," म्हणत नाना हट्टानं बरोबर आले होते. म्हसावदला रतिलालनानांचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. शाळेच्या ओळखपत्रापासून लग्नाच्या अल्बमपर्यंत अख्खं गाव त्यांच्या स्टुलावर बसून गेलं होतं. लेकीच्या फोटोंना मात्र त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही.

"बेटा, तुन्हा फोटोमा कोनीच इकडे देखत नही," ते म्हणायचे. "अशा फोटोनं काय करानं?"

"त्यानी इकडे देखं म्हंजे तो घाबरना, नाना."

दरवेळी हेच. ज्या फोटोत जनावर कॅमेऱ्याकडे बघतं तो छापायचा नाही, हा तिचा नियम होता. त्यापायी तिनं भले भले फोटो पुसून टाकले होते.

साडेआठच्या सुमाराला नर आला. चोचीत सरडा. ढोलीसमोरच्या उघड्या फांदीवर बसला आणि पाठमोरा झाला. चारुलतानं श्वास धरला. उन्हाची तिरीप बरोबर पाठीवर होती. आता फक्त त्यानं ढोलीकडे मान वळवायची.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. हलका, लाडीगोडीचा.

"इकडे देख, माय."

चाळीस वर्षांची सवय! नानांनी स्वतःच तोंडावर हात मारला. पण रानपिंगळ्यानं गर्रकन मान फिरवली, पिवळेजर्द डोळे थेट भिंगावर रोखले आणि त्याच क्षणी चारुलताचं बोट दाबलं गेलं. सरडा चोचीतून पडला. पाखरू उडालं ते दरीपल्याड दिसेनासं झालं.

ती चिडली होती. बापावर ओरडायला तिनं तोंडही उघडलं होतं. मग तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि ओरडणं तसंच राहिलं. असा फोटो तिला जन्मात मिळाला नव्हता. पिसन् पीस मोजून घ्यावं, आणि ते डोळे! नियम गेला चुलीत, असं तिला मनापासून वाटलं.

"देखा नाना," ती म्हणाली. "तुमले पाहिजे तसा उना. डोयामा डोया."

नानांनी चष्मा पुसला. कॅमेरा हातात घेऊन ते बराच वेळ बघत राहिले.

"हाऊ धाडू नको," ते म्हणाले.

"काबं?"

"तो घाबरेल शे." त्यांनी कॅमेरा परत दिला. "स्थळसाठे फोटो काढाले पोरी येत व्हत्यात. मी म्हनू, इकडे देख, माय. आनि त्या अशाच देखेत. मी समजू, फोटो चांगला उना. तुन्हा फोटो धुतला, तवय मले कळनं."

धुळ्याच्या स्थळासाठी विसाव्या वर्षी नानांनीच तिचा फोटो काढला होता. त्या लोकांना ती पसंत पडली नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यानंतर ती कधी कुणाच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती.

"तो फोटो मी धाडाच नही," नाना म्हणाले. "त्यासले सांगं, बिघडी गया. त्या म्हनेत, दुसरा काढा. मी सांगं, तोबी बिघडना. तीन डाव बिघाडा! मंग त्यासनीच नाद सोडा. पोटनी पोरना फोटो ज्याले काढता येत नही तो कसाना फोटोग्राफर, म्हने. धुळामा लई हसनात मले."

"मले काबं नही सांगं?" तिनं विचारलं.

"काय सांगू? चाळीस वरीसमा मन्हा एक फोटो बिघडना नही. तुले सांगं ऱ्हातं तं गावमा बोभाटा व्हता, घरनाच बिघडना!"

चारुलताला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. इतकी वर्षं ती नापसंत झालेली मुलगी म्हणून जगली होती, आणि तिला कुणी नापसंत केलंच नव्हतं. नाना कावरेबावरे होऊन आपला रुमाल पुढे करत राहिले.

घाटमाथ्यावर फोनला रेंज आली. प्रकाशकाचा निरोप होता, 'मिळाला का? पान थांबवलंय.' जीप थांबवायला सांगून तिनं कॅमेरा काढला, रानपिंगळ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि फोटो पुसून टाकला. मग उत्तर लिहिलं.

'फोटो बिघडला. प्रकरण काढून टाका.'

पलीकडून लगेच आलं, 'तुझा फोटो? बिघडला? चेष्टा करतेस का!' आणि पुढे हसरे चेहरे, ओळीनं चार.

"काय म्हनस तो?" नानांनी विचारलं.

"हसी ऱ्हायना."

नाना खिडकीबाहेर बघत होते.

"हसू दे," ते म्हणाले.