पांढरी थाळी

आमच्या बेटाजवळच्या पाण्यात पांढरी थाळी दिसेनाशी होत नव्हती. साहेबांची सगळी दोरी संपली, तरी ती तेवढीच मोठी दिसत होती.

नलावडे साहेब मोत्याच्या शिंपल्यांच्या शेतीसाठी पाणी तपासायला आले होते. खारटपणा आणि ऊब त्यांना पसंत पडली होती. पाणी किती नितळ आहे, एवढंच राहिलं होतं. थाळी दोरीने सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. होडी माझी, म्हणून वाकून बघायचं काम माझं. होडीच्या एका बाजूला पाणी कमरेएवढं होतं, दुसऱ्या बाजूला ते खाली संपत नव्हतं.

"काका, दिसते?"

"दिसते."

"आकडा मिळाल्याशिवाय मला मंजुरी देता येणार नाही."

शेती झाली तर कामासाठी गेलेली मुलं परत येणार होती. आमचा मुलगा जयवंतही. त्याची आई, सुभद्रा, सकाळपासून किनाऱ्यावर उभी होती.

मी दोरी मागितली. लोकांनी विहिरीची दोरी आणली. ती जोडताच विहीर सरकत माडांच्या मागे गेली. शेळ्यांची दावी सोडली. शेळ्या पाण्यावरून चालत निघून गेल्या. वाशांना बांधलेला काथ्या सुटला, तशी छपरं थव्यासारखी उडाली. थाळी दिसतच होती.

"साहेब, आता माझ्या लेंग्याची नाडी तेवढी राहिलीय," शेजारचा भिकाजी पाण्यात उभा राहून म्हणाला. "घेता?"

"द्या."

भिकाजीने दिली आणि दोन्ही हातांनी लेंगा धरून उभा राहिला.

शेवटी सुभद्रा पाण्यातून चालत आली. तिच्या हातात जयवंतच्या पाळण्याची दोरी होती.

"ही जपून हं," ती म्हणाली.

मी ती जोडली आणि सोडली. थाळीवर कोणीतरी उभं होतं. मान कलती ठेवायची ती ढब मला ओळखू आली. त्याने दोरी धरली. हलकेच ओढली, सोडली. ओढली, सोडली. होडी झुलू लागली.

"दिसते का?"

"जयवंत उभा आहे तिच्यावर."

"मी थाळीचं विचारतोय."

"दिसते."

"अहो, वर घ्या त्याला!" सुभद्रा ओरडली.

मी दोरी ओढू लागलो. जितकी ओढावी तितकी होडी जास्त झुलायची. माझ्या पापण्या जड झाल्या.

"झोप येतेय का, काका?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं. "येऊ द्या. डोळे मिटले तरी चालेल. दिसेनाशी झाली म्हणजे झालं."

दोरी पाण्याला टेकत होती, तिथे त्यांनी ती चिमटीत धरली आणि माझ्या पापण्यांकडे पाहत राहिले.

सुभद्रा होडीत चढली. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं नाही. मागून हात घालून ओल्या बोटांनी तिने माझ्या पापण्या वर धरल्या. खाली तो दोरी ओढतच होता, आणि तिच्या बोटांवरून खारं पाणी माझ्या उघड्या डोळ्यांत उतरू लागलं.